इंग्रजीच्या तंत्रज्ञान प्रशिक्षणात नेमकं काय ठेवू? (जि.प. शाळा, कोल्हापूर)

खडूफळा
नमस्कार मंडळी. मी राधानगरी तालुक्यात जि.प. प्राथमिक शाळेवर आहे. पुढच्या शिक्षण परिषदेत (म्हणजे आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) 'इंग्रजी अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर' हा विषय केंद्रप्रमुख साहेबांनी माझ्या गळ्यात मारलाय. कारण काय, तर मी ग्रुपवर वर्गातले व्हिडिओ टाकतो. पोरांचं गाणं शूट करून टाकलं की माणूस तंत्रस्नेही झाला!

वेळ दुपारचे तीन तास, त्यातला अर्धा तास सूचना ऐकण्यात आणि माहिती भरण्यात जाणार हे धरूनच चालायचं. समोर पस्तीस-चाळीस जण. त्यात पवित्र पोर्टलवरनं नुकतीच लागलेली पोरंपोरी आहेत आणि दोन वर्षांत रिटायर होणारे गुरुजीपण. एक प्रोजेक्टर आहे, चालला तर.

मला पीपीटी वाचून दाखवायची नाही. आजवर जी प्रशिक्षणं झाली त्यात दहा ॲपची नावं सांगतात, आपण वहीत लिहून घेतो, घरी आल्यावर वही कपाटात. तर विचारायचं असं की तुम्ही समोर बसला असता तर तीन तासात काय मिळालं असतं म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्गात वापरलं असतं? आणि काय अजिबात नको?

तांबडा_पांढरा
आधी जेवणाचं बघा सर. प्रशिक्षणात काय शिकवलं ते कुणाला आठवत नाही, मसालेभात कसा होता ते पाच वर्षं आठवतंय.

घनसाळ
+१. आणि भात आजऱ्याचा असू दे 😄

निवृत्तीच्या_वाटेवर
तुमच्या त्या रिटायर होणाऱ्या गुरुजींपैकी मी एक समजा. थोडं मागचं सांगतो म्हणजे समोर कोण बसणार ते कळेल.

आमचं डीएड मराठीतनं. नोकरीला लागलो तेव्हा इंग्रजी पाचवीपासनं होतं, आणि खालच्या वर्गाच्या गुरुजीचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं आणि एका जून महिन्यात आम्ही सगळेच्या सगळे इंग्रजीचे शिक्षक झालो. स्वतः कधी दोन वाक्यं सलग बोललो नव्हतो, तरी वर्गात 'स्टँड अप, सिट डाऊन' सुरू. पोरांना मजा वाटायची, आम्हाला घाम फुटायचा.

मग आली एमएस-सीआयटी, कॉम्प्युटरची परीक्षा. ३१ डिसेंबर २००७ पर्यंत पास व्हा, नाहीतर वेतनवाढ बंद आणि दिलेली असेल तर वसुली. त्यावरनं कोर्टकचेऱ्या झाल्या, काहींचं प्रकरण पेन्शनपर्यंत लोंबकळलं. शाळा सुटली की एसटीनं तालुक्याला जाऊन माऊस धरायला शिकलो, पास झालो, आणि शाळेत बघतो तर कॉम्प्युटरच नाही. तो यायला पुढं कैक वर्षं गेली, तोवर शिकलेलं सगळं विसरलो.

सांगायचं हे की तंत्रज्ञान म्हटल्यावर आमच्या पिढीच्या पोटात गोळा येतो तो मशीनमुळं नाही, त्या वसुलीमुळं. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाका की आज कुठली लिंक भरायची नाही, फोटो अपलोड करायचा नाही, कुणाला जमलं नाही म्हणून नाव वर जाणार नाही. मग बघा माणसं कशी मोकळी होतात.

खडूफळा
गुरुजी, हे डोक्यातच नव्हतं माझ्या. पहिला मुद्दा हाच ठेवतो.

नवा_गडी
गुरुजींचा आदर ठेवून बोलतो, पण २००७ चं भूत किती दिवस मानगुटीवर घेऊन फिरायचं? आता एआय आलंय. मी कागल तालुक्यात चौथीला आहे. पुस्तकातला धडा पोरांना परका वाटतो म्हणून मी चॅटजीपीटीला सांगितलं की जोतिबाच्या यात्रेवर सोप्या इंग्रजीत आठ वाक्यं दे. दहा सेकंदात धडा तयार, खाली प्रश्न तयार, रिकाम्या जागा तयार. पोरं नाचायलीत नुसती, आपली जत्रा इंग्रजीत आली म्हणून. हे एक शिकवलं तरी तीन तास वसूल. बाकीचं सगळं यूट्यूबवर आहे की.

इंग्लिशबाई
@नवा_गडी, सर तो धडा इथं टाका ना जरा. मी हायस्कूलला आहे, हातकणंगले तालुक्यात. मीपण असलंच करून बघितलं होतं. पहिल्याच वाक्यात 'व्हायब्रंट', दुसऱ्यात 'बसलिंग', आणि यात्रेत लोक नदीत दिवे सोडतायत म्हणे! गुलाल-खोबऱ्याचा पत्ता नाही, सासनकाठीचा पत्ता नाही.

आता दिव्यांची चूक आमच्या शिपाईमामांनीपण धरली असती. पण वर्गात एखादी पोरगी उठून विचारते की मॅडम, इथं 'गो' आणि तिथं 'गोज' का? त्या क्षणी मोबाईल खिशात असतो आणि बाई उघड्यावर. एआयनं धडा बनतो, तो शिकवायला इंग्रजी आपलंच लागतं.

नवा_गडी
मॅडम त्याला नीट सांगावं लागतंय. 'एका वाक्यात पाचच शब्द, फक्त साधा वर्तमानकाळ, आणि हे हे शब्द आलेच पाहिजेत: गुलाल, खोबरं, सासनकाठी' असं सांगितलं की नीट देतंय. आणि 'गोज' का ते पण त्यालाच आदल्या रात्री विचारायचं, मराठीत समजावून सांगतंय. लाजायचं काय त्यात, ते काय केंद्रप्रमुखाला सांगायला जात नाही.

इंग्लिशबाई
हे आदल्या रात्री विचारायचं मात्र पटलं. हे शिकवा @खडूफळा. लाजेशिवाय चौकशी करायची सोय, हा खरा उपयोग.

धुक्यातला_फाटा
तुमचं चॅटजीपीटी बिटीपी सगळं ठीक आहे पण आमच्याकडं रेंज कुठाय? गगनबावडा तालुका, द्विशिक्षकी शाळा. पावसाळ्यात चार-चार दिवस लाईट नसते. रेंजसाठी शाळेच्या मागच्या बांधावर जाऊन उभं राहायचं, पोषण आहाराची माहितीपण तिथनंच पाठवतो, डोक्यावर छत्री धरून. आणि परिषदेला गेलं की समोरचे साहेब म्हणणार, 'आता सर्वांनी लिंक ओपन करा.'

माझं म्हणणं एकच. जे दाखवाल ते ऑफलाईन चालतंय का हे आधी बघा. मी काय करतो ते सांगतो. महिन्यातनं एकदा बाजारला कोल्हापुरात आलो की पाहुण्यांच्या वायफायवर सगळं उतरवून घेतो. दीक्षा ॲपमध्ये पाठ्यपुस्तकातला मजकूर डाउनलोड करून ठेवता येतो. गूगलचं रीड अलाँग आहे, त्यातल्या गोष्टी एकदा उतरवल्या की नेट लागत नाही. पोरगं मोठ्यानं वाचतं, ते ऐकतं, अडलं तर शब्द म्हणून दाखवतं. बाकी ऑडिओ पेनड्राइव्हवर, आणि एक ब्लूटूथ स्पीकर. स्पीकर माझ्या पैशाचा आहे हे सांगितलेलं बरं.

आणि दोघांनी चार वर्ग सांभाळणाऱ्याला ह्याचा फायदा वेगळाच आहे. मी तिसरीला गणित घेतोय तोवर चौथीची चार पोरं कोपऱ्यात रीड अलाँगवर वाचत बसतात. माझ्या शाळेत तंत्रज्ञान म्हणजे तिसरा शिक्षक. हे कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही, कारण तिथले सगळे उदाहरणाचे वर्ग एकवर्गी असतात, साठ इंची टीव्हीवाले.

कृष्णाकाठ
टीव्हीवरनं आठवलं. शिरोळ तालुका. २०१९ च्या पुरात आमच्या शाळेत छातीएवढं पाणी होतं. टीव्ही भिंतीवर उंच टांगलेला होता तो वाचला, खाली टेबलावरचा कॉम्प्युटर गेला आणि त्याच्या आत सगळं उतरवून ठेवलेलं साहित्य गेलं. तेव्हापासनं एक पेनड्राइव्ह घरी, एक शाळेत. मूळ प्रश्नाशी संबंध नाही, पण नदीकाठच्यांनी लिहून ठेवा.

तांबडा_पांढरा
संबंध कसा नाही. '२०१५ नंतरच्या डिजिटल शाळांचं पुढं काय झालं' असा स्वतंत्र धागा निघेल.

कृष्णाकाठ
निघेल की. प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाचा जीआर २२ जून २०१५ चा. त्यानंतर गावोगाव लोकवर्गणी झाली, कुणी प्रोजेक्टर दिला, कुणी एलसीडी, कोनशिलेवर नावं कोरली. खोटं नाही सांगत, लोकांनी मनापासून दिलं, ऊसाचं बिल आल्यावर आणून दिलं. पण प्रोजेक्टरचा दिवा गेला की नवीन कुठल्या हेडमधनं घ्यायचा ते जीआरमध्ये नसतं. सादिलमधनं, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशातनं, खडू आणायचे का दिवा आणायचा? आमच्या शेजारच्या शाळेत प्रोजेक्टरवर टोपडं घातलंय, बाळंतिणीच्या खोलीतल्या बाळासारखं.

शहरातला_पालक
मला एक कळत नाही. जि.प.चे शिक्षक बघावं तेव्हा मोबाईलमध्येच डोकं घालून असतात, त्यांना आणि वेगळं मोबाईल वापरायचं प्रशिक्षण कशाला? आधी स्वतः चार वाक्यं इंग्रजी बोलून दाखवा म्हणावं.

धुक्यातला_फाटा
या साहेब आमच्याकडं. मोबाईलमध्ये डोकं कशासाठी असतंय ते दाखवतो. आज किती पोरं जेवली, वजन-उंची, यू-डायस, आधार जुळणी, झाडं लावल्याचा फोटो, हात धुतल्याचा फोटो. 'आम्हाला शिकवू द्या' म्हणून शिक्षकांनी मोर्चे काढले ते हौस म्हणून नाही.

घनसाळ
शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीचं मोफत शिक्षण आणलं तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना १ रुपया दंड होता. शाळेत पाय न ठेवता शाळेवर बोलणाऱ्यांना पण लावा म्हणतो मी. व्याजासकट.

शहरातला_पालक
😀 दंड भरतो. पण माझा दुसरा मुद्दा तेवढा सोडू नका. शिक्षकाला इंग्रजी येत नसेल तर ॲप देऊन काय होणार?

निवृत्तीच्या_वाटेवर
बोलायची पद्धत सोडली तर पालकांचा मुद्दा बरोबर आहे. कुणाला राग येवो.

बदलून_आलो
ह्या मुद्द्यावर मी बोलू शकतो. आंतरजिल्हा बदलीनं इकडं आलोय. आधी ज्या जिल्ह्यात होतो तिथं २०१६ च्या सुमारास 'तेजस' नावाचा कार्यक्रम आला होता, राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि ब्रिटिश कौन्सिलचा मिळून. राज्यातल्या काही जिल्ह्यांत होता. त्यात आमचे टॅग असायचे, म्हणजे टीचर ॲक्टिव्हिटी ग्रुप. आजूबाजूच्या शाळांतले इंग्रजी शिकवणारे शिक्षक ठरावीक दिवसांनी एकत्र बसायचे. व्यासपीठ नाही, हार नाही, आपल्यातलाच एक जण समन्वयक.

तिथं काय व्हायचं, तर एखादा छोटा व्हिडिओ बघायचा, त्यातली कृती एकमेकांवर करून बघायची, आणि हे सगळं बोलायचं इंग्रजीत. मोडकंतोडकं. पहिल्या बैठकीत सगळे मुके. नंतर कुणीतरी धाडस करून चुकीचं बोललं, बाकीचे हसले नाहीत, मग गाडी सुरू झाली. मधल्या दिवसांत व्हॉट्सॲप ग्रुप चालायचा, त्यावर फक्त इंग्रजीत लिहायचं, शुभ सकाळची फुलं बंद. मला वाटतं माझं इंग्रजी डीएडपेक्षा त्या ग्रुपवर जास्त सुधारलं. कारण तिथं रोज काहीतरी टाकायला लागायचं आणि वाचणारे आपल्यासारखेच होते.

त्यात तंत्रज्ञान किती होतं? एक साधा फोन. पण तो इंग्रजी बोलायच्या कामाला लावलेला होता. इकडं बहुतेक प्रशिक्षणांत इंग्रजी हा ॲप दाखवायचा बहाणा असतो, आणि तीन तास चालतं सगळं मराठीत! इंग्रजीच्या प्रशिक्षणात इंग्रजीचं एक वाक्य कुणी बोलत नाही, सुलभकसुद्धा नाही.

नवा_गडी
हे शेवटचं लागलं मला. खरंय.

सोळा_खणी
त्या ऑनलाईन कोर्सचं काय पण? निष्ठा हे सरकारचं शिक्षक प्रशिक्षण २०१९ ला प्रत्यक्ष सुरू झालं, मग कोरोनात दीक्षावर आलं. शैक्षणिक धोरणात वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. तास भरायचे तर ऑनलाईनच भरणार लोक.

तांबडा_पांढरा
तास भरतात हो, व्हिडिओ चालू ठेवून म्हशीची धार काढायला जातात. शेवटच्या चाचणीची उत्तरं ग्रुपवर येतात. 'सर्वांनी प्रश्न ४ ला ब टिक करा.' सर्टिफिकेट लॅमिनेट.

सोळा_खणी
सगळेच तसे नसतात भावा. मी एक-दोन कोर्स मनापासून केले, चांगले होते. पण एकट्यानं बघायचं आणि कुणाशी बोलायचं नाही, यात भाषा कशी यावी? गणिताचं चालेल एक वेळ.

चिकोत्रा
उशिरा आले, सगळं वाचून काढलं. @खडूफळा सर, मी एक कृती सांगते जी मी पाचवीला करते आणि मोठ्या माणसांवरही चालते, माझ्या मिस्टरांवर करून बघितलीय.

मोबाईलच्या कीबोर्डवर माईकचं चिन्ह असतं ना, बोलून टाईप करायचं, तेच. भाषा 'इंग्लिश इंडिया' ठेवायची. सेटिंगमध्ये जाऊन ही भाषा ऑफलाईन उतरवता येते, म्हणजे गगनबावडेकर सरांचीपण सोय झाली. फळ्यावर जोड्या लिहायच्या: शिप आणि शीप, फुल आणि फूल, पुल आणि पूल. पोरांनी एकेक शब्द म्हणायचा आणि फोननं काय लिहिलं ते बघायचं. परवा एक पोरगी मेंढीचं शीप म्हणायलीय आणि फोन जहाजच लिहितोय. तिनं मान ताणून, डोळे मिटून 'शीऽऽप' केलं आणि मेंढी आली एकदाची, सगळा वर्ग ओरडला. आपण मराठी माणसं ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना भांडतो पण बोलताना सोडून देतो, तिथं इंग्रजीत अर्थच बदलतो. हे मी फळ्यावर समजावलं असतं तर कुणी ऐकलं नसतं.

एक काळजी घ्या. शब्द सुटाच द्यायचा, वाक्य नाही. वाक्य दिलं की फोन मागच्यापुढच्या शब्दावरनं अंदाज करून आपणच बरोबर लिहून टाकतो, मग चूक कळत नाही. आणि गोंगाटात चालत नाही, म्हणून आम्ही व्हरांड्यात दोघादोघांना पाठवतो. आणि फोननं चुकीचं लिहिलं म्हणजे पोरगं चुकलंच असं नाही, कधीकधी फोनच चुकतो, हे पोरांना आधी सांगायचं. त्यांना ते फार आवडतं, 'बाई, फोन चुकला!'

इंग्लिशबाई
वा! उद्याच करते. व्ही आणि डब्ल्यूच्या जोड्यापण घालते, वेस्ट दिशा आणि वेस्ट बनियन. दहावीचीपण पोरं पडणार यात.

निवृत्तीच्या_वाटेवर
आत्ता करून बघितलं. माझं काय मेंढी होईना. मिसेस हसायलीय.

घनसाळ
गुरुजी जहाजच धरून चला, सुखाचा प्रवास 😂

सोळा_खणी
क्यूआर कोडचं कुणी बोललं नाही अजून. पुस्तकातच आहेत, परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी जी वाट पाडली, २०२० ला ग्लोबल टीचर प्राईज मिळालं त्यांना. सोलापूरच्या जि.प. शाळेतला माणूस. आपल्याकडं निम्म्या लोकांनी कोड एकदाही स्कॅन केलेला नाही. वीस मिनिटं त्यालापण द्या.

बदलून_आलो
द्या, पण दाखवू नका, करायला लावा. पहिली बेंच स्कॅन करते आणि मागची बेंच आयपीएलचा स्कोअर बघते असं नको.

खडूफळा
मंडळी, धागा नुसता भारी झालाय. रविवारी बसून आखणी केली ती टाकतो, झोडपा.

सुरुवातीला गुरुजींचं 'आज लिंक नाही'. मग जोडी-जोडीनं मोबाईलवर पुस्तकातला एक उतारा स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायचा आणि स्वतःच ऐकायचा. मग चिकोत्रा मॅडमची माईकची कृती, चार-चारच्या गटात. मग दीक्षा, क्यूआर आणि रीड अलाँग उतरवून घेणं, त्यासाठी शाळेत वायफायची सोय करतोय, सरपंचांच्या पोराशी बोललोय. शेवटी नवा_गडी सरांचं एआय, फक्त दोन गोष्टी: धडा सोपा करून घेणं आणि आदल्या रात्रीच्या शंका. आणि जाताना एक ग्रुप, आठ-दहा जणांचा, ज्यांना मनापासून यायचं त्यांचाच, इंग्रजीतच लिहायचं. कृतीच्या सूचना मी इंग्रजीत देणार, चुकलो तर चुकलो.

इंग्लिशबाई
फार झालं. तीन तासात पाच गोष्टी म्हणजे पुन्हा वहीत नावं लिहून घेणं. तुम्हीच वर तक्रार केलीत ना त्याची. दोन काढा.

नवा_गडी
माझं काढा चालेल. पुढच्या महिन्यात घ्या, मी येतो कागलहून, गाडीखर्च नको. एआयला घाई नाही, लोकांचा आवाज फुटू दे आधी.

निवृत्तीच्या_वाटेवर
रेकॉर्डिंगवर माझी हरकत आहे. जोडीत नको. तरण्या पोरासमोर मी 'थ' आणि 'ट' करत बसणार नाही, आणि ते ऑडिओ कुणी ग्रुपवर टाकलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. ज्याच्या त्याच्या फोनवर, कानात हेडफोन घालून, ऐकून झालं की डिलीट. असं असेल तर मी स्वतः पहिला करतो.

खडूफळा
ठरलं. रेकॉर्डिंग एकट्यानं आणि लगेच डिलीट. क्यूआर आणि एआय पुढच्या परिषदेला. आता राहिलं रेकॉर्डिंग, माईक, उतरवून घेणं आणि ग्रुप. हे बसतंय तीन तासात?

चिकोत्रा
बसतंय, पण माईकची ऑफलाईन भाषा आधीच उतरवून या असा मेसेज आदल्या दिवशी टाका, नाहीतर चाळीस फोन एका वायफायवर लटकतील आणि तुमचा एक तास त्यात जाईल. ग्रुपचे नियमपण त्याच मेसेजात नको, लोक घाबरून सुट्टी टाकतील.

शहरातला_पालक
त्या ग्रुपात पालकाला घेता का? सिरियसली विचारतोय. मी कंपनीत दिवसभर इंग्रजीत मेल लिहितो, संध्याकाळी अर्धा तास देऊ शकतो. मास्तरकी करणार नाही, नुसत्या गप्पा.

निवृत्तीच्या_वाटेवर
घ्या हो त्यांना. दंडाचा रुपया वळता करून घेऊ.

खडूफळा
घेतलं साहेब. व्यनि करतो.

धुक्यातला_फाटा
पेनड्राइव्हवरनं मोबाईलला घ्यायचं तर ओटीजी लागेल, म्हणजे मधली जोडणीची पिन. सी टाईपची दोन आणा आणि जुन्या फोनवाल्या गुरुजींसाठी एक मायक्रो. आणि जाताना मोजून परत घ्या, माझी मागच्या परिषदेत गेलेली अजून कुणाच्या तरी खिशात आहे. तो माणूस हा धागा वाचत असेल तर गगनबावडा एसटीत कंडक्टरकडं दिली तरी पोचते.